बाळारामकाकांचा ड्रायव्हर

आमच्या गोडाऊनचे बाळारामकाका रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू करण्याआधी त्याच्या डब्यावर उजवा हात ठेवतात आणि त्याला सांगतात, "मी बाळाराम." मग समोरून काही उत्तर येतंय का ते बघितल्यासारखे जरा थांबतात, आणि नंतर बटण दाबतात.

मी नोकरीला लागले त्याच दिवशी हे पाहिलं. ऑफिसात आम्ही दोघंच होतो, म्हणून मला वाटलं ते माझ्याशीच बोलतायत. मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, "नमस्कार काका, मी बिलिंगला आलेय." काका मागे वळूनसुद्धा न बघता म्हणाले, "तुझं मागनं घेतो बाय. आधी ह्याचं होऊ दे."

त्याचं झाल्यावर माझं झालं. नाव, आडनाव, भिवंडीत कुठे राहते, वडील कुठल्या पॉवरलूमवर कामाला, आईचं माहेर कुठलं, सकाळी काय खाऊन निघाले. पोहे म्हटल्यावर "लवकर भूक लागंल" असा निकाल देऊन त्यांनी ड्रॉवरमधून राजगिऱ्याचा लाडू काढला, तो मला खायला लावला, आणि मग माझी खुर्ची दाखवली.

"आधी वळख, मग काम," ते म्हणाले. हे त्यांचं लाडकं वाक्य.

काका हुद्द्याने सुपरवायझर. साठी उलटलेली, अंगाने काटकुळे, पांढरा शर्ट, कॉलरमध्ये रुमाल, चष्म्याला मागून दोरा. गोडाऊन आहे त्या काल्हेर गावचेच. आमच्या तिसऱ्या गाळ्यात जिथे प्लास्टिकच्या बादल्यांची थप्पी लागते तिथे पूर्वी त्यांची भाताची वरची खाचरं होती. कुणी नवा हमाल त्या बाजूला गेला की काका सांगतात, "जपून, तिथं बांध हाय." बांध जाऊन जमाना झाला, पण हमालही न बोलता पाय उचलून टाकतात.

ट्रक लागला की बाकीच्या गोडाऊनमध्ये आधी कागद बघतात. आमच्याकडे काका आधी ट्रकवाल्याला बाकावर बसवतात. "तुमी कंचे गाव का? खाना खाया क्या? घर पे कोन कोन हाय?" असं त्यांचं हिंदी. समोरचा बिहारचा असो की तमिळनाडूचा, त्याला ते कळतं. शेठ वैतागतात. लोडिंगला उशीर होतो म्हणून एकदा त्यांनी काकांना बोलावून समजावलं, तर काकांनी शांतपणे विचारलं, "शेठ, ज्याचं नाव आपल्याला म्हाईत न्हाय त्याच्या मागं तुमचा येवढा माल कसा पाठवू?" शेठ कपाळावर हात मारून गेले, आणि बाक तिथेच राहिला.

आता कॉम्प्युटरचं. आमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पूर्वी कुणीतरी कुठूनतरी आणून टाकलेलं विंडोज होतं. एक दिवस त्याला व्हायरसने असं धरलं की स्क्रीनवर नुसत्या परदेशी जाहिराती नाचायला लागल्या. शेठ नवीन मशीन घेईनात. त्यातच काकांची गाठ कुठल्याशा कॉलेजच्या मास्तरांशी पडली. त्यांचं सामान आमच्याकडे उतरलं होतं. बाकावरच्या चौकशीत विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सचा विषय निघाला आणि मास्तरांनी खूश होऊन काकांना एक पेनड्राइव्ह दिला. काकांनी तो प्रसादासारखा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणला.

"शेठ, ही सिस्टीम मुक्त हाय," काका म्हणाले.

"मुफ्त है? तो डालो ना," शेठ म्हणाले.

काकांनी तो गैरसमज दूर केला नाही. मला मात्र बाजूला घेऊन सांगितलं, "मुक्त म्हंजे फुकट न्हाय बाय. मुक्त म्हंजे मोकळं. आत काय हाय ते कुनालाबी बघता येतं."

"तुम्ही बघितलंत?"

"बघितलं. कळलं न्हाय. पन त्यांनी दाखवलं, लपवलं न्हाय, ह्याला किंमत हाय."

लिनक्स बसलं. अक्षरं मराठीत दिसायला लागली, प्रिंटर चालायला लागला, काका दिवसभर खुशीत होते. फक्त इंटरनेट चालेना. कॉम्प्युटरचं स्वतःचं नेटचं तोंड मागे एकदा विजेच्या झटक्यात जळलं होतं, म्हणून आम्ही भिवंडीच्या बाजारातून दोन अँटेनांचं वायफाय कार्ड आणून आत बसवलेलं होतं. विंडोजशी त्याचं चांगलं जमायचं. लिनक्सला ते कार्ड दिसायचं, पण ते काय आहे हे कळायचं नाही.

"वळखत न्हाय," काका म्हणाले. मी एवढं समाधान त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. जगातली अडचण शेवटी त्यांच्या हद्दीत आली होती.

अशा वेळी कार्डाची आणि सिस्टीमची गाठ घालून देणारा एक छोटा प्रोग्राम लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. काकांनी शेठना फोन करून तसं कळवलं: "ड्रायव्हर न्हाय म्हनून काम अडलंय."

दुपारी एक धिप्पाड माणूस कपड्यांची पिशवी आणि लायसन घेऊन हजर झाला. शेठनी पाठवलेला. काकांनी त्याला बाकावर बसवलं, गाव विचारलं, दोन मुली आहेत हे काढून घेतलं, डब्यातली अर्धी भाकरी दिली, आणि मग शेठना परत फोन लावला. "मानूस चांगला हाय. पन हा न्हाय." शेठ म्हणाले, याच्याकडे हेवीचं लायसन आहे, आणखी काय पाहिजे? तो बिचारा संध्याकाळपर्यंत बसून होता. जाताना मला म्हणाला, "मॅडम, कंप्यूटर का ड्राइवर अलग होता है, ये पहले बोलना चाहिए था."

खरा ड्रायव्हर इंटरनेटवर होता. तो उतरवायला इंटरनेट पाहिजे, आणि इंटरनेट यायला तो ड्रायव्हर पाहिजे. हे काकांना समजावताना माझीच जीभ अडखळली. त्यांनी मात्र लगेच मान डोलावली, आणि "कुनाचं तरी उसनं घ्यायला लागंल" म्हणून माझ्या मोबाइलकडे बघितलं.

मोबाइल केबलने कॉम्प्युटरला जोडला की त्याचं नेट कॉम्प्युटरला मिळतं. पण आमचं गोडाऊन पत्र्याचं. खिडकीपाशी बोलण्यापुरती रेंज येते, नेट येत नाही. नेट मिळतं ते थेट गेटवर. तेव्हा काकांनी कॉम्प्युटर, मॉनिटर, कीबोर्ड असा सगळा संसार माल ओढायच्या हातट्रॉलीवर चढवला, दोरीने बांधला, आणि आमची मिरवणूक गेटकडे निघाली. वॉचमनच्या केबिनमधून वायर ओढली. स्क्रीनवर ऊन येत होतं म्हणून वॉचमन छत्री धरून उभा राहिला. मी मोबाइल हातात उंच धरून उभी. बघता बघता ट्रकवाले गोळा झाले आणि "थोडा उधर करो", "केबल हिलाओ" असे सल्ले द्यायला लागले. काकांनी मधेच काम थांबवून त्यांतल्या दोन नव्या तोंडांची नावं विचारून घेतली.

ड्रायव्हर उतरला. ट्रॉली परत आत आली. मास्तरांनी सांगितलं होतं त्याप्रमाणे काकांनी स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत एका बोटाने आज्ञा टाइप केल्या, आणि स्क्रीनभर इंग्रजी चुकांचा पाऊस पडला. काकांनी चष्मा सारखा करून एकेक ओळ वाचली.

"रागावलंय," ते म्हणाले. "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. काका रोज आवाज जरा मऊ करून बघायचे. शेवटी मी कार्डाचं खोकं उलटून बघितलं तर नंबराचं शेवटचं अक्षरच वेगळं होतं. आम्ही भलत्याच कार्डाचा ड्रायव्हर आणला होता.

काकांनी खोकं घेतलं, चष्मा पुसला, अक्षर बघितलं. "म्हंजे ते बरोबर बोलत व्हतं. आपनच दुसऱ्याच्या घरचा मानूस आनून उभा केलाता," ते म्हणाले, आणि डब्यावर हात ठेवून "चुकलं" असंही म्हणाले. मग पुन्हा ट्रॉली, पुन्हा गेट, पुन्हा छत्री. या खेपेला आज्ञा दिल्यावर ओळी सरसर वर पळाल्या, कार्डाचा निळा दिवा लुकलुकला आणि नेट चालू झालं. काकांनी मला, वॉचमनला आणि ट्रॉली ओढणाऱ्या हमालाला रांगेत उभं केलं आणि कार्डाला एकेकाचं नाव सांगितलं. मी हसू दाबत होते. वॉचमनने चक्क हात जोडले.

तेव्हापासून बिलं काढण्यापलीकडे त्या मशीनला दुसरं कुणी हात लावायचं नाही असा नियम झाला. काही बिघडलं की काका काळी खिडकी उघडायचे, आज्ञेच्या आधी "सुडू" लिहायचे आणि पासवर्ड टाकायचे. लिनक्समध्ये आतलं काही बदलायचं असेल तर असा मालकाच्या हक्काने पासवर्ड टाकावा लागतो. काका मात्र साधी तारीख बघायची असली तरी सुडू लावायचे. मी एकदा म्हटलं, याला लागत नाही. तर म्हणाले, "असू दे, बरं असतंय." मला वाटलं, असेल त्यांची सवय.

गेल्या थंडीत काका दोन दिवस रजेवर गेले. दर थंडीत जातात. गुडघे धरतात म्हणून काकूंना घेऊन वज्रेश्वरीला गरम कुंडात पाय बुडवून बसायला. आणि नेमकी दुसऱ्या दिवशी सकाळी लाइट गेली, आली, मशीन पुन्हा सुरू झालं, आणि नेट गायब.

बाहेर ट्रक भरून तयार होते. ई-वे बिल नेटवरूनच निघतं, आणि ते हातात असल्याशिवाय गाडी गेटबाहेर काढता येत नाही. त्यामुळे गाड्या गेटापासून आत एकाला एक चिकटून उभ्या राहिल्या. ट्रॉली न्यायची म्हटली तर माणूस आडवा होऊन जाईल एवढीसुद्धा जागा नव्हती. हॉर्न सुरू झाले. शेठ येऊन माझ्या खुर्चीमागे उभे राहिले आणि माझ्या मानेवर त्यांचा श्वास लागायला लागला.

काकांचा फोन बंद होता. मी काकूंना लावला. काकूंना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो. पाठीमागे बादली आपटल्याचा आवाज आला, मग काका बोलायला लागले.

"काका, नेट गेलं."

"लाइट गेलती का?"

"हो."

"मग ते नवीन होऊन उठलं. त्याची सवय हाय, गुपचूप सोताचा गाभा बदलून घेतं आन परत चालू झालं की नवीनच असतं. आता त्याला कार्ड वळखत न्हाय. ड्रायव्हर परत बांधायचा. बस कीबोर्डवर. मी बोलतो तसं टाकायचं आन टाकलंस की मोठ्यानं वाचून दाखवायचं. मगच पुढचं."

आणि सुरू झालं. काकांचा मोबाइलवर अक्षरं सांगण्याचा स्वतःचा कोश आहे. "एम, माणकोलीचा. ओ, ओवळीचा. डी, दापोड्याचा. पी, पडघ्याचा."

"काका, मला एबीसीडी येते."

"येत असंल. पन ट्रक उभं हायत. आर, राहनाळचा. बी, भिवंडीचा. ई..." इथे ते अडायचे. "ई ला आपल्या वळखीचं गाव न्हाय. नुसताच ई."

अशी अर्ध्या तालुक्याची फेरी मारत आम्ही ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये शिरलो. मी टाइप करायची, मोठ्याने वाचायची, काका "हां" म्हणायचे. ड्रायव्हर नव्याने तयार झाला. आता तो आत बसवायचा राहिला.

"सरवलीचा एस, उंबरखांडचा यू, दापोड्याचा डी, ओवळीचा ओ," काका म्हणाले. सुडू. बाकीची आज्ञा टाकली.

"पासवर्ड मागतोय काका."

काका पलीकडे खाकरले.

"शेठ हायत का तिथं?"

"आहेत."

"त्यांना भायेर जायाला सांग."

शेठ म्हणाले, गोडाऊन माझं, कंप्यूटर माझा, मी बाहेर का जाऊ. तेवढ्यात चार हॉर्न एकदम वाजले आणि ते गेले. मी काकांना तसं सांगितलं. मग काकांचा आवाज फोनपासून लांब गेला. ते काकूंना बाहेर जायला सांगत होते.

"मी कुठं जाऊ?" काकूंचा आवाज आला. "फोन माझा हाय. आन माझी साडी वली हाय. तुमी बोला तुमचं."

काका परत आले ते एकदम खालच्या आवाजात. या वेळी गावंबिवं काही नव्हती. भराभर, एका दमात अक्षरं सांगितली, जशी काही तोंड भाजत होती. मी एकेक टाकत गेले.

"काका, स्क्रीनवर काहीच उमटत नाहीये."

"न्हाय उमटायचं. पासवर्ड दाखवत न्हाय ते. टाक तू."

मी शेवटचं अक्षर टाकलं, एंटर मारला, आणि ओळी पळायला लागल्या. आणि इतका वेळ प्रत्येक आज्ञा वाचून दाखवायची जिभेला सवय लागली होती, म्हणून मी पासवर्डही वाचला. अक्षरं सुटी होती तोवर मला काही कळलं नव्हतं, ती तोंडातच जुळली.

"चिमे घरा ये," मी मोठ्याने म्हटलं. "बरोबर ना काका?"

काकांच्या आधी काकू बोलल्या.

"काय बोलली ती?"

"काय न्हाय. मशीनचं हाय," काका म्हणाले. "बाय, तू पुढचं घे. सरवलीचा एस..."

"परत बोल ग बाय."

"उंबरखांडचा यू..."

"चिमे घरा ये बोलली ती. मी भयरी हाय, येवढी न्हाय."

काकांना एक मुलगी आहे आणि ती वज्रेश्वरीच्या पलीकडे दिलेली आहे, इतकंच मला माहीत होतं. गोडाऊनमध्ये कुणाच्या मुलीबाळींचा विषय निघाला की काका गाड्या बघायला बाहेर जायचे. ज्या माणसाने अनोळखी ट्रकवाल्यांच्या मुलींची नावं पाठ केली त्याने स्वतःच्या मुलीचं नाव आमच्यापुढे कधी घेतलं नव्हतं, आणि ते आमच्या कधी लक्षातही आलं नव्हतं.

काकांनी शेवटची आज्ञा पुरी सांगितली. एकही अक्षर चुकलं नाही. निळा दिवा लुकलुकला. "आलं काका," मी म्हटलं. "बरं झालं," ते म्हणाले. "आता ते विसर." आणि फोन काकूंच्या हातात गेला.

मी एका हाताने बिलं काढत होते आणि दुसऱ्या हाताने फोन कानाला धरला होता. शेठ परत येऊन बिलं प्रिंटरमधून गरम गरम ओढून गेटकडे धावत होते. काकूंना कुणालातरी सांगायचंच होतं, आणि फोनवर मी होते.

झालं होतं ते असं. चिमी म्हणजे मनीषा, एकुलती एक. काही वर्षांपूर्वी तिच्या सासरी नवीन घर बांधलं, वास्तुशांत होती. काका टोपी घालून, तांब्याची कळशी घेऊन गेले. काकू मागून दुसऱ्या गाडीतून येत होत्या. दारात जावयाचा कुणी चुलतभाऊ पाहुण्यांना बसवत होता. त्याने काकांना विचारलं, "कोण पाहिजे?"

"येवढंच," काकू म्हणाल्या. "कोन पाह्यजे. पोरगा तिकडं लांब महाडावरनं आलेला, त्याला काय म्हाईत. ह्यांनी सांगायचं ना, मी चिमीचा बा हाय. जगाला नाव विचारतात, सोताचं सांगताना ह्यांचं तोंड शिवलं. कळशी दारातच ठेवली आन परत फिरले. जेवले न्हाय, पानी पिले न्हाय."

"मग?"

"मग काय. चिमी फोनवर बोलली, तुमी माझ्या दारातनं परत गेलात, आता मी तुमच्या दारात कशी येऊ? ती बी ह्यांचीच पोर. दर वर्साला हितं येतो आमी. मी देवीला जाते बोलून देवळात तिला भेटते. हे कुंडात पाय सोडून बसतात. निघताना पेढे जास्त घ्यायला लावतात, बोलतात कुनी भेटलं वळखीचं तर दे. मला बोलतात गुडघ्यासाठी आलो. नुसत्या गुडघ्यासाठी गरम पानी घरी बी तापवता येतं." साडी पिळल्याचा आवाज आला. "मला वाटायचं, ह्यांनी मनातनं टाकली पोरीला. आन हे तिकडं त्या डब्याला सांगत बसलेत, घरा ये, घरा ये."

मला एकदम त्यांचं एक बोट आठवलं. तारीख बघायला सुडू. प्रिंटर बघायला सुडू. उगाचच सुडू. दिवसभर, सगळ्यांच्या देखत, आणि स्क्रीनवर काही न उमटता.

"तू गोडाऊन बघ," काकू म्हणाल्या. "मी ह्यांना घेऊन जाते. आज कसे येत न्हाय ते बघते." मग फोन तसाच चालू ठेवून त्यांनी पलीकडे हुकूम सोडला, "उठा. पाय पुसा." काका काहीतरी पुटपुटले. काकू म्हणाल्या, "गुडघं जाताना बी दुखतील, बसून बी दुखतील. टोपी कुठं हाय?"

दुसऱ्या दिवशी काका कामावर आले नाहीत. कधी नाही ते. मी मशीन सुरू केलं, सगळं नीट चालत होतं. शेठनी दोनदा विचारलं, बाळारामभाऊ कुठे आहेत, आणि दोन्ही वेळा मी सांगितलं की गुडघ्यांसाठी अजून एक दिवस लागणार आहे.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत अनोळखी नंबरावरून फोन आला. बाईचा आवाज, माझ्याच वयाचा.

"मी मनीषा. बाबा विचारतायत नेट चालू आहे का."

"चालू आहे. ते का नाही बोलत?"

"ते पडवीत बसलेत. लाजतायत तुम्हाला." ती हळू आवाजात बोलत होती. "काल आले. आई पुढे आणि ते मागे. दारात माझे सासरे होते. बाबा म्हणाले, मी मनीषाचा बाप. सासरे म्हणाले, अहो माहिती आहे, आत या. तरी त्यांनी परत एकदा सांगितलं."

मी हसले. तीही हसली.

"एक विचारू का? आई सांगते ते खरं आहे? ती कमी ऐकते, मला वाटतं तिने भलतंच काही ऐकलं असणार. तुम्ही टाइप केलंत ना? नक्की काय होता पासवर्ड?"

माझ्या तोंडाशी आलं होतं. पण काकांनी मला विसरायला सांगितलं होतं. शिवाय ते शब्द बिलिंगच्या टेबलावरून, माझ्या आवाजात तिला ऐकवणं मला बरोबर वाटेना.

"मी विसरले," मी म्हटलं. "बाबा तिथेच आहेत ना? त्यांनाच विचार."

पलीकडे फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला, बंद न करताच. तिची पावलं लांब गेली. कुठेतरी भांडी वाजत होती, कोंबड्या होत्या. मग तिचा आवाज आला, लहान मुलीसारखा, "बाबा, इकडे बघा ना जरा."

काका काय म्हणाले ते ऐकायला मी थांबले नाही. मी फोन बंद केला, डबा उघडला आणि जेवायला लागले.